लालबागचे कानसेन

रविवार, ११ जानेवारी १९५९. सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे झाली होती. लालबागच्या एका गॅरेजात आठ-दहा सुशिक्षित पुरुष श्वास रोखून उभे होते आणि त्यांच्या मध्यभागी पन्नाशी ओलांडलेले एक किडकिडीत गृहस्थ मोटारसायकलीपाशी उकिडवे बसले होते. हातभर लांबीच्या पेचकसाचे टोक त्यांनी चालू इंजिनाच्या कार्बुरेटरवर टेकवले होते, त्याची लाकडी मूठ डाव्या कानाला लावली होती आणि डोळे मिटले होते. बाहेर ट्रामची घंटा वाजली, तेव्हा मंडळींपैकी एकाने ट्रामकडे असे पाहिले, की जणू देवळात कोणी जोडे घालून शिरले होते. अखेर गृहस्थांनी डोळे उघडले आणि निकाल दिला.

"डावो रडता, उजवो खाता."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारले, "किती?"

"किती म्हंजे?"

"डावा उजव्यापेक्षा किती कमी हवा ओढतो?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे नको तितके निरखून पाहिले. "आकडो जुगारात लागता, बाय माझे. इंजिनात नाय."

मंडळी हसली. माझा दादाही हसला, आणि गाडी त्याचीच होती. एम.एस्सी.च्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. प्रश्न विचारल्यावर पुरुष हसतात याची मला सवय होती. पण निदान तिथे हसणाऱ्यांना उत्तर माहीत असे. येथे कोणालाच ते माहीत नव्हते आणि कोणाला त्याची लाजही नव्हती.

दादाच्या कचेरीतला एक इंग्रज अधिकारी मायदेशी परतताना आपली मोटारसायकल दादाच्या गळ्यात मारून गेला होता. तिला दोन सिलिंडर होते आणि प्रत्येकाला स्वतंत्र कार्बुरेटर. दोन्ही कार्बुरेटरांनी सारखी हवा ओढली तर गाडी तलम चाले. एकाने कमी ओढली, की दुसरा सिलिंडर त्याला फरफटत नेई आणि प्रार्थनासमाजाच्या नाक्यावर गाडी थरथरून बंद पडे. मग गिरगावातली पोरे "झालाच पाहिजे!" अशी घोषणा देत ती ढकलत. दोघांना एका मापात आणण्यासाठी दादा दर पंधरवड्याला लालबागला जाई. पंधरा दिवसांत बिघडणारी गोष्ट दुरुस्त झालेलीच नसते, एवढे साधे अनुमान त्याला करता येत नव्हते. तो म्हणे, "अगं, कानसेनांचा कान आहे तो!"

कानसेन हे नाव गिर्‍हाइकांनी दिलेले. गॅरेजच्या मालकांनी मात्र ते पत्र्याच्या पाटीवर रंगवून घेतले होते: 'येथे कानाने ट्यूनिंग होते.' नानांना (आम्ही सगळे त्यांना नाना म्हणत असू) या नावाचा विलक्षण अभिमान होता. पाटीवरची धूळ ते स्वतः पुसत. दुसरा कोणी इंजिनाला कान लावताना दिसला, तर "तुझा कान गाणां ऐकूक ठेव" म्हणून त्याला हाकलत. नम्रता हा गुण त्यांच्यात नावालाही नव्हता, आणि मला तो नसणे आवडत असे. खोट्या नम्रतेवर आमच्या कॉलेजात माझा पुष्कळ वेळ वाया गेला होता.

त्यांची आणखी एक ख्याती होती: ते हाकेला ओ देत नसत. मागून कोणी कितीही "नाना, नाना" केले, तरी ते पाठ फिरवून काम करीत राहात. मग माणूस समोर येऊन उभा राहिला, की विचारत, "काय आसा?" एकदा दादाने तक्रार केली, तर म्हणाले, "मी काय गडी आसंय हाकेक येवक? कामाचा माणूस समोर येता." लालबागेत हे त्यांच्या कारागिरीच्या मस्तीचे लक्षण समजले जाई. त्यांचे अनुकरण करणारी दोन पोरेही गॅरेजात तयार झाली होती. तीही हाकेला ओ देईनाशी झाली.

फेब्रुवारीत मला कडक सर्दी झाली. नाकातोंडाला रुमाल लावून मी त्यांना विचारले, की हवेचा स्क्रू तुम्ही आधी डाव्याचा फिरवता की उजव्याचा. ते नुसते बघत राहिले. मी पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा विचारले, तेव्हा ते वैतागून म्हणाले, "तो रुमाल काढ गो. तोंड खंय दिसता?"

रुमाल काढायला मला काही क्षण लागले, कारण तेवढ्यात मी एक प्रयोग करून घेतला. त्यांच्या मागे जाऊन, रस्त्यावरच्या माणसानेही वळून पाहावे इतक्या मोठ्याने मी म्हणाले, "नाना, तुमच्या पायाखाली साप आहे." ते शांतपणे फडक्याने हात पुसत होते.

मी समोर आले आणि म्हणाले, "तुम्हाला ऐकू येत नाही."

"हळू," ते म्हणाले. "तुका ऐकू येता म्हणून लालबागेक ऐकव नको."

त्यांनी मला बाकावर बसवले आणि पहिल्यांदाच सरळ उत्तर दिले. विसाव्या वर्षी मालवणकडून आले ते थेट गिरणीच्या साचेखात्यात, विणकामावर. अठरा वर्षे मागांच्या रांगेत उभे राहिले. एका छपराखाली शेकडो माग धडधडतात तेथे माणसे बोलत नाहीत. ओठ हलवतात आणि दुसरा ते वाचतो. दोन रांगा पलीकडच्या माणसाशी मुलीच्या लग्नाची बोलणी करतात, शिव्या देतात, थट्टा करतात, सारे आवाजाशिवाय. "आमचो मुकादम पाठमोरो आसताना आमी त्येची यथेच्छ पूजा बांधू," नाना म्हणाले. कान नेमके कधी गेले हे त्यांना सांगता येईना. ओठांची भाषा इतकी मुरली होती, की कानांची आठवणच झाली नाही. लढाईच्या दिवसांत गिरणी सोडून लष्करी वर्कशॉपात गेले, मोटारसायकली शिकले, आणि तेथल्या शांततेत एक दिवस लक्षात आले, की शांतता वर्कशॉपात नाही.

"आणि पेचकस?"

"सुरवातीक थोडा यायचा, हाडातून. आता मुठीची थरथर कळता. बाकी अंदाज." मग छाती काढून म्हणाले, "पण अंदाज माझो आसा!"

मला त्यांच्यावर संतापावे की गिरणीवर, हे ठरवता येईना. यंत्राने माणसाचा हात तोडला तर रक्त दिसते, पंचनामा होतो. कान निकामी केला तर काहीच दिसत नाही. उलट तो माणूस हाकेला ओ देत नाही म्हणून त्याला शिष्ट म्हणतात. अठरा वर्षांत गिरणीने त्यांची हजेरी रोज मोजली, कापडाचा वार न् वार मोजला. कान एकदाही मोजला नाही. मी हे सारे तावातावाने बोलले. नाना माझे ओठ वाचत होते. शेवटी म्हणाले, "तुझे ओठ रागात लय स्पष्ट आसत."

त्यांना भीती एकच होती: हे बाकडे जाईल. कानाच्या नावावर मिळालेले बाकडे कानाबरोबरच जायचे. घोडपदेवच्या चाळीत बायको होती, गावी घर गळत होते, आणि दुसऱ्या कोणत्याही गॅरेजात पन्नाशीच्या माणसाला पान्हे धुवायला ठेवले असते.

मी त्यांना उपाय सांगितला. कार्बुरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या नळकांड्यांना प्रत्येकी एक छिद्र पाडायचे, आटे पाडून त्यात पितळी अडॅप्टर कायमचा बसवायचा आणि एरवी त्यावर टोपण लावून ठेवायचे. गाडी आली, की टोपणे काढून दोन रबरी नळ्या जोडायच्या आणि त्यांची दुसरी टोके इंग्रजी यू-च्या आकाराच्या, पारा भरलेल्या काचेच्या नळीला लावायची. ज्या बाजूची ओढ अधिक, त्या बाजूचा पारा वर चढेल. दोन्ही बाजूंचा पारा समान पातळीवर आला, की दोन्ही कार्बुरेटर समान. कान लागतच नाही, डोळे पुरतात.

"इंजिनाक भोक?" नाना किंचाळले. "चांगल्या इंजिनाक भोक पाडतत? उद्या म्हणशील, नाना, तुमच्याय डोक्याक एक पाडूया!"

"त्यात निर्वात आधीच आहे का, ते बघावे लागेल."

ते इतके हसले, की त्यांना ठसका लागला. त्या हसण्यावर मी दादाच्या गाडीची परवानगी मिळवली. दादाची नव्हे, नानांची. दादाला आम्ही विचारलेच नाही.

अडचण निघाली ती पाऱ्याची. इंजिन हवा सलग ओढत नाही, हिसके देत ओढते. प्रत्येक हिसक्याला पारा असा उड्या मारू लागला, की वाचन अशक्य झाले. हिसके शमवायचे तर अडॅप्टरच्या आत अतिशय बारीक छिद्र हवे. पण सुईच्या अग्राएवढे छिद्र पाडणारे ड्रिल लालबागेत कोणाकडे नव्हते. आमच्या प्राध्यापकांना मी विचारले, तर ते म्हणाले, "मोटारसायकल म्हणजे पदार्थविज्ञान नव्हे." ते वाक्य मी विसरणार नाही. त्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरात स्टोव्हच्या निपलचे तुंबलेले छिद्र मोकळे करायला पिन मारीत होती, आणि मला दिसले, की हवे ते छिद्र रोज आमच्या डोळ्यांसमोर पेटत असते. दुसऱ्या दिवशी आमच्या स्टोव्हचा निपल आणि शेजारच्या काकूंकडून उसना आणलेला दुसरा, असे दोन निपल मी लालबागला नेले. पितळी अडॅप्टरच्या पोटात ते घट्ट बसले. घरी आई म्हणाली, "तुझा शोध लागेपर्यंत आम्ही काय कच्चे तांदूळ चावायचे?" मी तिला नवा निपल आणून दिला आणि शोध लागल्याचेही सांगितले.

छिद्रे नानांनीच पाडली. नळकांडी सोडवून घेतली, ड्रिलला ग्रीस चोपडले, म्हणजे धातूचा किस आत पडण्याऐवजी ग्रीसला चिकटावा. काम उत्तम झाले. आणि मग, पाऱ्याच्या नळीला जोडलेली रबरी नळी मोकळी आहे ना हे पाहण्यासाठी, मी "थांबा" म्हणायच्या आत, त्यांनी तिचे टोक ओठांत धरून जोराने ओढले.

गिरणीतल्या साचेवाल्याखेरीज ही चूक दुसऱ्या कोणी केली नसती. मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या छिद्रातून सूत बाहेर काढायला साचेवाला धोट्याला ओठ लावतो आणि श्वासाबरोबर सूत ओढून घेतो. दिवसातून शेकडो वेळा, आणि सुताबरोबर धूळ, खळ, आधीच्या पाळीतल्या माणसाची थुंकीही. नानांच्या ओठांना भोक दिसले, की ते ओढत. पारा सरसर चढला. मी ओरडले, ते अर्थातच ऐकू गेले नाही, आणि पाऱ्याचा एक गोळा त्यांच्या तोंडात गेला. त्यांनी तो तळहातावर थुंकला आणि कौतुकाने पाहत म्हणाले, "जड आसा गो. पण चव कायच नाय."

मी त्यांना पाच वेळा चूळ भरायला लावली आणि पाऱ्याची वाफ किती विषारी असते यावर व्याख्यान दिले. ते ओठ वाचत राहिले आणि शेवटी म्हणाले, "आता समाजला. इंजिन म्हंजे साचेवालो. दोन धोटे, दोन ओठ. एकान जोरात ओढला, एकान हळू, तर कापड वाकडा जाता." निर्वातदाबाची याहून नेमकी व्याख्या मी परीक्षेत लिहू शकले नसते, असे म्हणण्याचा मोह येथे होतो, पण ते खरे नाही. मी नेमकीच लिहिली होती आणि वर्गात पहिली आले होते. नानांची व्याख्या मला आवडली, एवढेच.

त्या दिवशी त्यांनी आधी पेचकस लावून दादाची गाडी 'कानाने' जुळवली. मग आम्ही नळ्या जोडल्या. दोन्ही पाऱ्यांत एकतीस मिलिमीटरांचा फरक होता.  मग स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवत त्यांनी तो दोनवर आणला, आणि दादा सलग दोन महिने प्रार्थनासमाजाच्या नाक्यावरून न ढकलता गेला.

यापुढे जे झाले त्याने माझा संताप नव्याने जागा झाला. नानांनी एकेका दुहेरी कार्बुरेटरच्या गाडीला अडॅप्टर बसवायचा सपाटा लावला. पण ती काचेची नळी त्यांनी गॅरेजच्या आतल्या भिंतीवर एका मोठ्या कॅलेंडरामागे टांगली. गिर्‍हाइकाला बाहेर बसवायचे, कॅलेंडर उचलून पाऱ्यावर गाडी जुळवायची, नळ्या काढायच्या, आणि मग गाडी बाहेर आणून सर्वांसमक्ष पेचकस कानाला लावून डोळे मिटायचे!

"हे ढोंग आहे," मी म्हणाले.

"गिर्‍हाइक कानासाठी येता. पाऱ्यासाठी नाय."

"आणि त्यांच्या इंजिनाला छिद्र पाडता ते त्यांना न विचारता?"

"विचारतंय तर! 'हवेची खिडकी ठेवू काय?' म्हटला, की 'ठेवा नाना' म्हणतत. कशाक, तां कोण विचारणा नाय. तुझ्यासारखी किती-किती करणारी गिर्‍हाइका माका नकोच."

युक्तिवाद बिनतोड होता आणि मला तो मुळीच पटला नाही. मी या नळीवर एक निबंध लिहिणार होते. माझ्या शोधाला कॅलेंडराखाली कोंडून ठेवलेले मला कसे खपावे? पण बाकडे त्यांचे होते आणि भीतीही त्यांची. मी गप्प राहिले. माझ्या बाबतीत ही घटना दुर्मीळ आहे.

स्फोट दिवाळीनंतर झाला. जुहूच्या धावपट्टीवर शर्यती होणार होत्या आणि एक उतावीळ तरुण गिर्‍हाईक गाडी तयार झाली का ते पाहायला थेट आत शिरला. नळी त्याने पाहिली. बाहेर येऊन मालकांना हसत म्हणाला, "तुमचे कानसेन तर थर्मामीटर लावून बसलेत!" रविवार होता, नेहमीची मंडळी जमली होती. दादा आणि मीही होतो.

मालकांविषयी दोन शब्द. ते आमच्याच गिरगावातले. छातीवर संयुक्त महाराष्ट्र समितीचा बिल्ला, सत्याग्रहात तीन दिवस आत जाऊन आलेले, आणि त्या तीन दिवसांचे वर्णन तीन तास करणारे. मराठी माणसावरचा अन्याय हा त्यांचा आवडता विषय. ते आत गेले, कॅलेंडर उचलले, पारा पाहिला आणि मोठ्याने म्हणाले, "काय नाना, कान म्हातारे झाले वाटतं?"

मंडळी हसली. नानांनी ते हसणे ऐकले नव्हते, पाहिले होते. पाहिलेले हसणे अधिक बोचत असावे. ते उभे राहिले.

"म्हातारे? गेले! मेले! लढाईपासून माका काय एक ऐकू येणा नाय!" ते गरजले आणि माझ्याकडे बोट दाखवले. "तुमी सगळे शिकलेले, माना डोलवीत होतात तां एका ठार बहिऱ्यापुढे! आता ह्या चेडवाच्या पाऱ्यावर लावलेली गाडी चालवा, आनी तेव्हाची आठवा. बोला, खंयची चांगली?"

 मला इतका आनंद झाला, की टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मला वाटले, आता निर्णय पुराव्यावर होईल. गेल्या सहा महिन्यांतली एकही गाडी परत आली नव्हती आणि हे जमलेल्या प्रत्येकाला माहीत होते. त्या वयात माझा पुराव्यावर विश्वास होता.

घरी परतताना दादा म्हणाला, "पण बहिऱ्या माणसाकडे गाडी कशी द्यायची गं?"

"सहा महिने दिलीस तशी."

"तेव्हा माहीत नव्हतं ना!"



पुढच्या रविवारी नानांच्या बाकड्यावर एक नवा इसम बसला होता. नळी कॅलेंडरावर, दर्शनी भागात टांगली होती आणि पत्र्याच्या पाटीवर ताजा रंग होता: 'येथे विलायती पद्धतीने पाऱ्यावर ट्यूनिंग होते.' मी मालकांना विचारले, "नानांना काढलंत?"

"काढलं नाही हो ताई, मोकळं केलं. विचार करा, बहिरा माणूस गाडी रस्त्यावर तपासायला नेतो. मागून ट्रक आला तर?"

"तेरा वर्षं नेत होते. एक ओरखडा दाखवा."

"तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं."

"म्हणजे धोका त्यांच्या बहिरेपणात नव्हता, तुमच्या माहितीत होता."

"ताई, तुम्ही फार शिकलेल्या आहात," मालक मान हलवत म्हणाले. "आता तुमच्यामुळेच हे काम कोणालाही जमतं. अडॅप्टर बसलेलेच आहेत. नानांसारखा माणूस अडकवून ठेवायची गरज राहिली नाही. हा तुमच्या शोधाचा विजय आहे!"

"ते अडॅप्टर नानांनी बसवलेत. आणि ही विलायती पद्धत गिरगावातल्या स्टोव्हची आहे. मराठी माणसावरचा अन्याय तुम्ही भाषणात सांगता तो हाच, की दुसरा?"

त्यावर ते रागावले आणि म्हणाले, की चळवळीचे नाव मध्ये आणू नका. मी भिंतीवरची नळी उतरवून घेतली. ती माझी होती. "न्या, न्या," ते म्हणाले, "काच काय, बाजारात मिळते." आठवड्यात दुसरी टांगली गेली. अडॅप्टर मात्र कोणाला उतरवता येणार नव्हते. ते कायमचे बसवले होते, आणि कायमचे असणे हाच त्यांचा गुण म्हणून मीच सांगितला होता.

नळी मी नानांना नेऊन दिली. त्यांनी काळाचौकीला एका चाळीच्या जिन्याखाली जागा धरली आणि नळी उघड्यावर लावली. गिर्‍हाईक आले, की स्वतःच सांगत, "समोर ऱ्हवून बोला, माका ऐकू येणा नाय." लपवाछपवी संपल्याचा त्यांना आनंदच झालेला दिसे. पण जिन्याखाली येत त्या सायकली, स्कूटरी आणि एका कार्बुरेटरच्या फटफट्या. एकाची तुलना कशाशी करणार? दोन कार्बुरेटरांची चैन परवडणारी मंडळी मालकांकडेच जात राहिली. जिन्याखाली पारा महिनोन् महिने समपातळीत, निष्क्रिय उभा होता. नाना त्यावरची धूळ पुसत.

एप्रिलमध्ये त्यांनी ठरवले, की पावसाळ्यात बोटी बंद होण्याआधी गावी जायचे. मे महिना उजाडला, राज्य झाले, मालकांनी लालबागच्या नाक्यावर पेढे वाटले. दादा आमच्यासाठी दोन घेऊन आला. राज्य मलाही हवेच होते, आणि त्या पहाटे दिव्यांची रोषणाई पाहायला मीही रस्त्यावर उतरले होते. पण तो पेढा मी खाल्ला नाही.

मी नानांच्या मागे लागले होते, की गिरणीकडे अर्ज करू. ओळखीचे वकील म्हणाले होते, की कायद्याच्या यादीत हात आहेत, पाय आहेत, डोळे आहेत; गोंगाटाने गेलेले कान कोठे दिसत नाहीत. मी म्हटले, नसतील तर कोणीतरी पहिला अर्ज करायला हवा, आणि अर्जाला माप हवे. नाना तयार नव्हते. "कान माझे. त्यांचो आकडो कशाक?" शेवटी बोटीच्या दोन दिवस आधी, शनिवारी दुपारी, ते धुतलेला सदरा आणि काळी टोपी घालून आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आले. मला वाटते, माझ्यासाठी आले.

मी त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवले, मागे नादकाटा वाजवला, आणि ऐकू आले की बोट वर करा म्हणून सांगितले. दोन मीटरांवरूनच बोट वर झाले. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदाही. मी चक्रावले. मग माझ्या लक्षात आले, की समोरच्या कपाटाच्या काचेत त्यांना माझा हात दिसत होता.

मी काचेवर माझी शाल टाकली. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिले. "एवढा कडक परीक्षक मुंबई इद्यापीठात नसात," ते म्हणाले.

"नाना, इथे पास व्हायचं नाहीये. नापास झालात तर अर्ज चालेल."

"तां ठावक आसा माका," ते म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे वळले. "पण सवय नाय गो."

मग आम्ही प्रामाणिकपणे मोजले. मी काटा वाजवायची, जवळ आणायची, थांबायची, आणि बोट वर झाले, की काट्याचे कानापासूनचे अंतर मोजायची. त्यांचे हात मांडीवर होते; एकेक बोट उचलायच्या तयारीत होते. खोलीच्या त्या टोकाला उभे राहूनही मला तोच काटा स्पष्ट ऐकू येत होता. मापन मी प्रत्येक कानासाठी तीन-तीनदा केले, कारण एका वाचनाला अर्थ नसतो. झाल्यावर त्यांनी आकडे विचारले. मी समोर येऊन, सावकाश, ओठ नीट दिसतील असे सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "चल, निदान किती तां कळला."

अर्ज मी सहीसकट गिरणीत नेऊन दिला. तीन आठवड्यांनी तो परत आला. खिडकीतल्या कारकुनाने वरून आलेले तोंडी उत्तर मला ऐकवले: कापड विणायला कान लागत नाहीत, तेव्हा कामगाराचे कामापुरते काही नुकसान झालेले नाही. मी त्याला ते वाक्य लिहून द्यायला सांगितले. त्याने नकार दिला.

नाना पुढल्या वर्षी गावीच वारले. गिर्‍हाइकांपैकी काही जण अजून भेटतात, "काय कान होता!" म्हणतात, आणि मला तेव्हा चूप बसता येत नाही. त्यांनी पाडलेल्या छिद्रांवर त्या गाड्या आजही जुळवल्या जातात आणि गाड्यांची वाचने गॅरेजात भिंतीवर लिहिलेली असतात. नानांचे वाचन कोणत्याही दप्तराने स्वीकारले नाही, म्हणून ते येथे देते. नादकाटा ५१२ कंपनांचा, खोली बंद, पंखा बंद. डावा कान: अकरा सेंटिमीटर. उजवा कान: शून्य.